‘पंपाला किती?’ या प्रश्नाआधीचे दोन प्रश्न : फवारणीच्या द्रावणाची संहती

कीडनाशक खरेदी करताना दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘पंपाला किती टाकायचे?’ उत्तरही तितक्याच सहजपणे मिळते, ‘एक झाकण’ किंवा ‘पंधरा मि.लि.’ या उत्तरात पंप किती लिटरचा, एका एकराला किती पंप लागतात आणि बाटलीतील औषधात सक्रिय घटक किती, यांपैकी कशाचाच विचार झालेला नसतो. फवारणी अपयशी ठरली की दोष औषधाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा चूक द्रावण तयार करतानाच झालेली असते. द्राव्य, द्रावक आणि संहती या शालेय रसायनशास्त्रातील तीन संकल्पना नीट उमजल्या तर ही चूक टाळता येते.

द्राव्य, द्रावक आणि द्रावण

जो पदार्थ विरघळतो तो द्राव्य, ज्यात विरघळतो तो द्रावक आणि दोहोंचे एकजीव मिश्रण म्हणजे द्रावण. पिकावर फवारण्यासाठी १०० लिटर पाण्यात २ किलो युरिया विरघळवला, तर युरिया हे द्राव्य आणि पाणी हा द्रावक होय. या द्रावणाच्या पहिल्या थेंबात युरियाचे जे प्रमाण असते तेच शेवटच्या थेंबातही असते. ते कितीही वेळ स्थिर ठेवले तरी तळाशी युरिया बसत नाही. खऱ्या द्रावणाची ही मुख्य ओळख होय.

प्रत्येक पदार्थ पाण्यात विरघळण्याला मर्यादा असते. ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात जास्तीत जास्त जितका पदार्थ विरघळू शकतो, ती त्याची विद्राव्यता. त्या मर्यादेपर्यंत पोहोचलेले द्रावण संपृक्त म्हणवले जाते. त्यापुढे टाकलेला पदार्थ न विरघळता वेगळा राहतो. द्राक्षबागेत वापरले जाणारे जिबरेलिक आम्ल थेट पाण्यात टाकल्यास सहज विरघळत नाही, म्हणून ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळतात. योग्य द्रावक निवडणे म्हणजे काय, हे अनेक बागायतदार या उदाहरणातून आधीच जाणतात.

टाकीतील प्रत्येक मिश्रण द्रावण नसते

व्यवहारात टाकीतील सर्वच मिश्रणांना ‘द्रावण’ म्हटले जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे तीन वेगळे प्रकार पडतात आणि औषधाच्या नावापुढील अक्षरे हा प्रकार सांगतात.

एसएल, एसपी आणि एसजी ही पाण्यात विरघळणारी रूपे आहेत. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल किंवा ॲसिटामिप्रिड २० टक्के एसपी शिफारशीच्या प्रमाणात पाण्यात टाकल्यास खरे द्रावण तयार होते.

ईसी या रूपात सक्रिय घटक सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला असतो आणि सोबत पायसीकारक असतो. क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी पाण्यात ओतताच पाणी दुधासारखे पांढरे होते. हे द्रावण नसून पायस आहे. तेलकट द्रावकाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात, विरघळलेले नसतात.

डब्ल्यूपी, डब्ल्यूजी आणि एससी या रूपांपासून मुख्यतः निलंबन तयार होते. मँकोझेब ७५ टक्के डब्ल्यूपीचे कण पाण्यात तरंगत राहतात आणि टाकी स्थिर राहिली की हळूहळू तळाशी बसतात.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते दोन परिचित कीटकनाशकांच्या तुलनेतून स्पष्ट होते. इमिडाक्लोप्रिडची पाण्यातील विद्राव्यता लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम, तर क्लोरँट्रानिलिप्रोलची लिटरला केवळ सुमारे १ मिलिग्रॅम आहे. कापसावरील फवारणीत पहिल्याचे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास आणि दुसऱ्याचे ६० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे पहिले पूर्णपणे विरघळलेले असते. दुसऱ्याचा बहुतांश भाग बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो. साहजिकच क्लोरँट्रानिलिप्रोलची बाटली वापरण्यापूर्वी चांगली हलवली नाही किंवा टाकीतील मिश्रण ढवळत ठेवले नाही, तर शेताच्या एका भागात पातळ आणि दुसऱ्या भागात दाट फवारा पडतो. मापून टाकलेले औषध अशा वेळी समान वाटले जात नाही.

संहती मोजण्याच्या पद्धती

ठरावीक द्रावणात द्राव्य किती आहे, हे सांगणारी राशी म्हणजे संहती. शेतीत ती प्रामुख्याने टक्के आणि पीपीएम या दोन एककांत सांगितली जाते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पाण्यातील विरल द्रावणासाठी १ लिटरमध्ये १ मिलिग्रॅम म्हणजे १ पीपीएम, असा व्यवहारी हिशेब चालतो. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम पदार्थ टाकला की १० पीपीएम द्रावण होते.

टक्केवारी वाचताना मात्र ती वजनास वजन आहे की आकारमानास वजन, हे पाहणे आवश्यक ठरते. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के याचा अर्थ १०० ग्रॅम औषधात १७.८ ग्रॅम सक्रिय घटक. हे औषध पाण्यापेक्षा जड असते. १ लिटरचे वजन सुमारे १.१२ किलो भरते. त्यामुळे १ लिटरमध्ये सुमारे २०० ग्रॅम सक्रिय घटक असतो, १७८ ग्रॅम नव्हे. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के एससीमध्येही याच कारणाने लिटरला सुमारे २०० ग्रॅम घटक असतो. मि.लि.मध्ये हिशेब करताना ‘लिटरला ग्रॅम’ हाच आकडा धरावा.

काही टक्केवारी सक्रिय घटकाची नसतेच. ५ टक्के निंबोळी अर्क म्हणजे १०० लिटर पाण्यासाठी ५ किलो निंबोळी गराची भुकटी. त्यातील ॲझाडिरॅक्टिनचे प्रमाण ५ टक्के नसते आणि ते बियाण्याच्या प्रतीनुसार बदलते. १ टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि सोबत चुना. मोरचुदाचे निळे द्रावण चुन्याच्या निवळीत मिसळले की तांब्याचे संयुग अविद्राव्य स्वरूपात वेगळे होते. अंतिम मिश्रण निलंबन असते, म्हणून ते ढवळत राहावे लागते. मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर चढला, तर तांबे अजून द्रावणात शिल्लक आहे आणि चुना वाढवायला हवा, असे समजावे. पानांना इजा करते ते हेच मोकळे, विरघळलेले तांबे.

बाजारातील कडुनिंबयुक्त उत्पादने ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम अशा वेगवेगळ्या संहतींत मिळतात. १५०० पीपीएमचे उत्पादन लिटरला ५ मि.लि. घेतल्यास फवारणीच्या पाण्यात ७.५ पीपीएम ॲझाडिरॅक्टिन येते. तेवढेच प्रमाण १०,००० पीपीएमच्या उत्पादनातून मिळवण्यासाठी केवळ ०.७५ मि.लि. पुरते. नियम सोपा आहे : मूळ संहती गुणिले घ्यावयाचे आकारमान, हे अंतिम संहती गुणिले अंतिम आकारमान यांच्याबरोबर असते. ‘निंबोळी औषध लिटरला ५ मि.लि.’ असा सल्ला उत्पादनाची संहती न सांगता दिला तर तो अपुरा आहे. प्रत्यक्ष मात्रा अर्थातच त्या उत्पादनाच्या लेबलवरून घ्यावी.

संहती आणि मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी

या विषयातील सर्वाधिक गोंधळ येथे होतो. संहती म्हणजे एका लिटर पाण्यात किती औषध; मात्रा म्हणजे एका हेक्टरवर किती औषध. कीटकनाशकाची शिफारस मूलतः हेक्टरी मात्रेची असते आणि पाणी हे ती मात्रा पिकावर समान पसरवणारे वाहन असते.

कापसातील रसशोषक किडींसाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएलचे उदाहरण घेऊ. हेक्टरी २५ ग्रॅम सक्रिय घटक द्यावयाचा असल्यास, मि.लि.ला ०.२ ग्रॅम या हिशेबाने १२५ मि.लि. औषध लागते. एकरी ही मात्रा ५० मि.लि. होते. हेक्टरी ५०० लिटर म्हणजे एकरी २०० लिटर पाणी वापरल्यास संहती लिटरला ०.२५ मि.लि., अर्थात ५० पीपीएम किंवा ०.००५ टक्के इतकी होते. १५ लिटरच्या पंपाला ३.७५ मि.लि. पुरते आणि एकराला तेरा ते चौदा पंप लागतात.

आता तीन शेतकऱ्यांची कल्पना करावी. पहिला १५ लिटरच्या पंपात १५ मि.लि. औषध टाकतो आणि एकरी तेरा पंप फवारतो. त्याची संहती २०० पीपीएम होते. एकरी सुमारे २०० मि.लि. औषध जाते, म्हणजे शिफारशीच्या चौपट. दुसरा पंपाला अचूक ३.७५ मि.लि. टाकतो, पण भरभर चालत एकर पाच पंपांत संपवतो. त्याची संहती बरोबर आहे, तरी एकरावर १९ मि.लि.हून कमी औषध पडले, म्हणजे मात्रेच्या निम्म्याहूनही कमी. तिसरा तेच ३.७५ मि.लि.चे माप कायम ठेवून एकरावर सव्वीस पंप फवारतो. संहती बरोबर, मात्रा जवळजवळ दुप्पट. तिघांनाही ‘पंपाला किती’ याचे उत्तर ठाऊक होते. ‘एकरी किती औषध’ आणि ‘एकरी किती पाणी’ हे दोन प्रश्न मात्र कुणीच आधी विचारले नव्हते.

याचे परिणाम गंभीर असतात. मात्रा कमी पडली की किडीतील सर्वांत संवेदनशील कीटक मरतात आणि औषध काही प्रमाणात सोसू शकणारे वाचतात. पुढची पिढी त्यांच्यापासून वाढते आणि तेच औषध हळूहळू निष्प्रभ ठरते. मात्रा जास्त झाली की खर्च वाढतो, पाने करपू शकतात, मित्रकीटक व मधमाश्या मरतात आणि उत्पादनात अवशेष उरतात. अवशेषांच्या मर्यादाही संहतीच्याच भाषेत असतात. २०१७मध्ये युरोपीय संघाने तांदळातील ट्रायसायक्लॅझोल या बुरशीनाशकाची कमाल अवशेष मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅम इतकी खाली आणली आणि बासमती उत्पादकांपुढे नवे आव्हान उभे राहिले. ०.०१ पीपीएम म्हणजे १०० टन तांदळात केवळ १ ग्रॅम. इतक्या सूक्ष्म मोजमापापुढे ‘एक झाकण जास्त’ ही क्षुल्लक बाब राहत नाही.

पंप बदलला की हिशेब बदलतो

आपल्या पंपातून, आपल्या चालीने एकरी किती पाणी पडते, हे प्रत्येक शेतकऱ्याने स्वतः मोजून घ्यावे. त्यासाठी पंपात साधे पाणी मोजून भरावे. पिकात १० मीटर लांब व १० मीटर रुंद क्षेत्र आखून नेहमीच्या वेगाने फवारावे आणि किती पाणी खर्च झाले ते पाहावे. त्या लिटरला ४० ने गुणले की एकरी आणि १०० ने गुणले की हेक्टरी पाणी मिळते. ५ लिटर खर्च झाले असल्यास एकरी २०० लिटर हा हिशेब येतो. पिकाची उंची वाढली, नॉझल बदलला किंवा फवारणारी व्यक्ती बदलली की हे मोजमाप पुन्हा करावे. बिघ्याचे क्षेत्रफळ राज्याराज्यांत वेगळे असते. तेथे शिफारस वापरण्यापूर्वी क्षेत्र हेक्टरमध्ये बदलून घ्यावे.

पेट्रोल पंपाने याच क्षेत्रात २ लिटर पाणी लागले तर एकरी ८० लिटर होतात. एकरी ५० मि.लि. मात्रा कायम ठेवायची असल्यास १५ लिटरला सुमारे ९.४ मि.लि. औषध टाकावे लागते आणि संहती ५० वरून १२५ पीपीएमवर जाते. म्हणून हातपंपाचे प्रमाण पेट्रोल पंपाला किंवा याच्या उलट वापरता येत नाही. मात्र लेबलवर पाण्याचीही मर्यादा दिलेली असते. पाणी त्याहून कमी करायचे असल्यास त्या पद्धतीची स्वतंत्र शिफारस आहे का, हे कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाकडून जाणून घ्यावे.

ड्रोनच्या बाबतीत ही दक्षता अधिकच महत्त्वाची आहे. एकरी १० लिटर पाण्यात तीच ५० मि.लि. मात्रा मिसळली तर संहती १,००० पीपीएम होते. ही इमिडाक्लोप्रिडच्या पाण्यातील विद्राव्यतेच्या पलीकडची संहती आहे. हातपंपात खरे द्रावण असलेले मिश्रण येथे तसेच राहील, असे गृहीत धरता येत नाही. घटक वेगळा होऊन नॉझल तुंबण्याची शक्यता उरते. गणित जुळले म्हणजे रसायनशास्त्र जुळले असे होत नाही. त्यामुळे ड्रोनसाठी त्या पिकाची आणि त्या औषधाची मान्य कार्यपद्धती असेल तरच फवारणी करावी.

द्रावकाची गुणवत्ता

औषधाची निवड काळजीपूर्वक होते, पाण्याची क्वचितच. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी म्हणजे निव्वळ द्रावक नव्हे; त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार आधीच विरघळलेले असतात. ग्लायफोसेटसारखे तणनाशक या क्षारांशी बद्ध होते आणि त्याची परिणामकारकता घटते. गढूळ पाण्यातील मातीचे कणही ते धरून ठेवतात. मॅलॅथिऑन, कार्बारिल यांसारखी कीटकनाशके अल्कधर्मी पाण्यात विघटित होतात. सामू ७ वरून ८ झाला की पाण्याची अल्कधर्मिता दहापट वाढते, हे लक्षात घ्यावे. यासाठी स्वच्छ, गाळलेले पाणी वापरावे, सामू तपासून घ्यावा आणि तयार केलेले मिश्रण त्याच दिवशी, शक्यतो लगेच वापरावे. रात्रभर टाकीत राहिलेल्या मिश्रणाची संहती सकाळी तीच असेल, याची खात्री नसते.

द्रावण तयार करताना टाकी आधी निम्मी पाण्याने भरावी. मोजलेले औषध छोट्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग टाकीत ओतावे आणि त्यानंतर उरलेले पाणी घालावे. रिकाम्या टाकीत आधी औषध आणि वरून पाणी, ही पद्धत टाळावी. मोजण्यासाठी मापनपात्र किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. ती घरातील अन्य कामासाठी कधीही वापरू नये. लेबलवर किंवा अधिकृत शिफारशीत नसलेली दोन-तीन औषधांची मिश्रणे करू नयेत. एकमेकांत मिसळल्यावर पायस फुटू शकते, कण एकत्र येऊन गाळ बसू शकतो आणि एकत्रित विषारीपणाचा अंदाजही करता येत नाही.

सर्वाधिक धोका बाटली उघडताना

संहतीचा विचार माणसाच्या सुरक्षिततेशीही थेट जोडलेला आहे. बाटलीतील इमिडाक्लोप्रिडची संहती लिटरला २,००,००० मिलिग्रॅम आणि टाकीतील ५० मिलिग्रॅम. बाटलीतील द्रव टाकीतील पाण्यापेक्षा ४,००० पट तीव्र असतो. मि.लि.मध्ये सुमारे वीस थेंब धरले, तर बाटलीतील एका थेंबात १० मिलिग्रॅम घटक असतो. फवारणीच्या २०० मि.लि. पाण्यात जेवढे औषध असते, तेवढे या एका थेंबात असते. फवारताना अंगावर पेलाभर पाणी सांडले तर माणूस लगेच हात धुतो, पण औषध मोजताना बोटाला लागलेला थेंब कपड्याला पुसून पुढे जातो. हातमोजे, चष्मा आणि तोंडावरील आवरण फवारणीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मिश्रण करताना आवश्यक आहे. औषध हाताने किंवा काडी धरून हाताशी ढवळू नये. लांब दांडा वापरावा.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. डोक्यापर्यंत वाढलेले पीक, अनेक औषधांची मिश्रणे आणि संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे त्या वेळी चर्चेत आली. फवारणी बहुधा मजूर करतो आणि मात्रा दुसराच कुणी ठरवतो. त्यामुळे ‘थोडे जास्त टाका’ या सल्ल्याची किंमत सल्ला देणाऱ्याला मोजावी लागत नाही, ती पंप पाठीवर घेणाऱ्याला मोजावी लागते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्याला सल्ला देताना पुढील पाच गोष्टी या क्रमाने सांगाव्यात आणि शक्य तेथे चिठ्ठीवर लिहून द्याव्यात :

१. औषधाचे पूर्ण नाव, टक्केवारी आणि रूप. उदाहरणार्थ, इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल.
२. एकरी मात्रा मि.लि. किंवा ग्रॅममध्ये.
३. त्या शेतकऱ्याच्या पंपाने एकरी लागणारे पाणी, प्रत्यक्ष मोजून.
४. या दोहोंवरून निघालेले पंपाचे प्रमाण. एकरी मात्रा गुणिले पंपाची क्षमता, भागिले एकरी पाणी.
५. काढणीपूर्वी पाळावयाचा प्रतीक्षा कालावधी आणि मिश्रण करतानाची दक्षता.

गावपातळीवरील एका बैठकीत दोन पारदर्शक बाटल्या घेऊन हा पाठ सहज दाखवता येतो. एका बाटलीत पाण्यात मीठ विरघळवावे, दुसऱ्या बाटलीत चुन्याची भुकटी ढवळावी आणि दहा मिनिटे दोन्ही स्थिर ठेवाव्यात. एकीचे पाणी तसेच राहते, दुसरीच्या तळाशी थर बसतो. त्यानंतर उपस्थितांनी आणलेल्या बाटल्यांची झाकणे मापनपात्रात पाण्याने भरून मोजावीत. प्रत्येक झाकणाचे माप वेगळे निघाले की ‘एक झाकण’ हे प्रमाण का चालत नाही, हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. पंपाचे प्रमाण ही हिशेबाची शेवटची पायरी आहे. एकरी औषध आणि एकरी पाणी हे दोन आकडे हाती असतील, तर ती पायरी शेतकरी स्वतः, कोणत्याही पंपासाठी, अचूक चढू शकतो.